गच्चीवरील अँटेना आणि न लावलेली पाटी



आमच्या इमारतीच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग यंदा पावसाळ्यापूर्वी करून घ्यावे असे ठरले. जेसल पार्कात खाडीवरून येणारा वारा खारा. त्यामुळे गच्चीवर जे जे लोखंडी असते ते काही वर्षांतच पापुद्रे सोडू लागते. कंत्राटदाराने पहिल्याच दिवशी सांगितले की, पाण्याच्या टाकीमागे गंजलेल्या खांबांवर जे चार अँटेना उभे आहेत ते काढल्याखेरीज तेथील काम नीट होणार नाही. समितीच्या बैठकीत या विषयाला दोन मिनिटेही लागली नाहीत. ते अँटेना कोणाचे, हे कोणासच ठाऊक नव्हते. भंगारवाल्यास बोलवावे आणि येईल ती रक्कम देखभाल निधीत जमा करावी, असे ठरले. आणि खजिनदार या नात्याने ते काम माझ्याकडे आले.

नळ्या तराजूवर चढत असताना सहाव्या मजल्यावरील बा कठड्याला धरत धरत वर आल्या. वय ब्याऐंशी. माहेर येवल्याचे, शिक्षण तेथील मराठी शाळेतले, म्हणून आमच्याशी त्या मराठीतच बोलतात. “दीकरा, त्यातला तिसरा माझा आहे,” त्या म्हणाल्या. “वरळीचे चित्र येईनासे झाले, ते मी कोणाला बोलले नाही. पण खांब राहू द्या. पुन्हा कधी आले तर?”

बांच्या घरी केबल नाही. यजमान गेल्यानंतर त्यांनी भोगोपभोगाची जी मर्यादा घेतली, तीत दूरदर्शन संचाचाही समावेश केला : दिवसातून एकदा, एकच वाहिनी आणि तीही बातम्यांपुरती. मुंबई केंद्राच्या सात वाजताच्या मराठी बातम्या. उन्हाळ्यात चौविहार आटोपून प्रतिक्रमणाआधी आणि हिवाळ्यात प्रतिक्रमण झाल्यावर. पर्युषणाचे आठ दिवस संचावर पांढरे कापड. एवढ्यासाठी दरमहा केबलचे पैसे कशाला भरायचे, असा त्यांचा साधा हिशोब होता, म्हणून केबल काढून टाकली आणि जुना अँटेना ठेवला. हे बरीच वर्षे नीट चालले. मग काही वर्षांपूर्वी एके दिवशी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. मेकॅनिक तीन वेळा येऊन गेला. पहिल्या वेळी त्याने वायर बदलली, दुसऱ्या वेळी बूस्टर बसवला आणि तिसऱ्या वेळी ट्यूनर गेल्याचे सांगितले. तिन्ही वेळा पैसे घेतले. मुलगा सुरतेला, नातू परदेशी. आपल्यासारखाच आपला संचही थकला, असे समजून बांनी त्यावर जे कापड घातले ते पर्युषण संपले तरी काढले नाही.

संच थकला नव्हता. अँटेना तर अगदीच निर्दोष होता. ज्या दिशेकडे तो तोंड करून उभा होता, तिकडून येणारी ॲनालॉग लहर थांबली होती.

भारतात दूरदर्शनची प्रायोगिक सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाली. देशातील दुसरे केंद्र मुंबईचे, २ ऑक्टोबर १९७२ पासूनचे. वरळीचा सुमारे तीनशे मीटर उंचीचा मनोरा हे त्याचे प्रक्षेपणस्थान. त्या काळी भाईंदर म्हणजे मिठागरे, भातशेती आणि रेल्वेचे एक लहानसे स्थानक. आपली जेसल पार्कची वस्ती बऱ्याच नंतरची. भुलेश्वर-काळबादेवीच्या चाळींतून जागा अपुरी पडू लागली तशी आपल्यापैकी अनेक कुटुंबे लोकलने उत्तरेकडे सरकत येथवर आली. येताना त्यांनी देव्हारा आणला, तिजोरी आणली आणि लाकडी दारांचा संचही आणला. वरळी येथून सरळ रेषेत तीस-बत्तीस किलोमीटर, जवळजवळ नेमकी दक्षिणेला. म्हणून भाईंदरच्या गच्च्यांवरील सगळे अँटेना एकाच दिशेकडे तोंड करून उभे असत. नव्याने राहावयास आलेल्या माणसाला दिशा कळावयास होकायंत्र लागत नसे.

त्या लहरीचा स्वभाव ज्यांनी अनुभवला आहे त्यांस तो आठवेल. चित्र क्वचितच पूर्ण स्वच्छ असे, पण पूर्णपणे जातही क्वचितच असे. खालून स्कूटर गेली की ठिपक्यांची एक रांग सरके. सांताक्रूझकडे उतरणारे विमान मध्ये आले की चित्र हेलकावे खाई. मालाड-बोरिवलीकडे उंच इमारती उठू लागल्या, तशी त्यांच्या भिंतींवरून परतणारी लहर मूळ लहरीमागून क्षणाच्या अंशाने पोहोचू लागली आणि निवेदिकेच्या खांद्याशी तिचीच फिकट छाया दिसू लागली; तिला सगळे ‘भूत’ म्हणत. मग घरातील धाकट्याने गच्चीवर जावयाचे, अँटेना फिरवावयाचा, आणि खिडकीतून ओरडून सांगावयाचे, “आले, आले... गेले!” थोडक्यात, दुर्बल लहरीतही काही ना काही पोहोचत असे. आवाज असे, ओठ हलताना दिसत, आणि बातमी कळे.

हे सारे आरंभापासून फुकट होते असे मात्र नव्हे. टपाल कार्यालयात वार्षिक शुल्क भरून संचाचा परवाना घ्यावा लागे आणि त्याची पुस्तिका रेशनकार्डाच्या शेजारी ठेवली जाई. १९८०च्या दशकाच्या मध्यास ते शुल्क रद्द झाले. तेव्हापासून एकदा संच आणि अँटेना विकत घेतला की पुढे कोणास काही देणे लागत नसे. ना खाते उघडावे लागे, ना रिचार्ज. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे जे गाळे आपल्यापैकी अनेकांचे भाईंदर पूर्वेला आहेत, त्यांच्या पोटमाळ्यावर राहणारे कारागीर लहान संचाला दोन काड्यांचा अँटेना लावून हेच कार्यक्रम पाहत आणि वर दिवाणखान्यात शेठही हेच पाहत. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ दाखवू लागले, तेव्हा तर शेठच्या दिवाणखान्यात पोटमाळाही येऊन बसे.

मग ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आले, त्याच्या आगेमागे गल्लोगल्ली केबल आली, आणि आपण अँटेनाची वायर काढून केबलची लावली. १९९५च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखविणे केबलचालकांस बंधनकारक केले होते. त्यामुळे वरळीशी आपला संबंध तुटला हे जाणवलेही नाही. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ पासून केबलही डिजिटल झाली. त्या वेळी मात्र घरोघर चर्चा झाली, कारण पेटीसाठी पैसे मोजावे लागले. ज्याचे पैसे लागतात त्याची तारीख आपल्या लक्षात राहते.

ॲनालॉग जाऊन डिजिटल आले म्हणजे नेमके काय झाले, हे आपल्या व्यवहारातील दोन दृष्टांतांनी सांगतो. पहिला गाळ्याचा. ॲनालॉग पद्धतीत एका वाहिनीला सात-आठ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा लागतो. एक गाळा, एक दुकान. चित्राचे आकड्यांत रूपांतर करून, त्यातील पुनरुक्ती काढून ते पाठविले की त्याच गाळ्यात पाच-सहा दुकाने थाटता येतात. आकाशातील हे पट्टे मोजकेच असतात; मोबाइल कंपन्या ते लिलावात हजारो कोटींना घेतात. तेव्हा एका गाळ्यात एकच दुकान ठेवणे महागाचे झाले. दुसरा दृष्टांत हुंडीचा. हुंडी एक तर वटते, नाही तर परत येते. अर्धी वटत नाही. डिजिटल लहरीचे तसेच आहे. आकडे पुरेसे पोहोचले तर चित्र आरशासारखे, भूत नाही की मुंग्या नाहीत. किंबहुना इमारतींवरून परतणारी लहर या पद्धतीत सहज सामावून घेतली जाते. पण आकडे एका मर्यादेखाली गेले की चित्र चौकटी-चौकटींनी फुटते आणि मग काहीच उरत नाही. आणि जुन्या संचाला तर हे आकडे वाचताच येत नाहीत. त्याला मध्ये पेटी लागते.

दूरदर्शनने २५ फेब्रुवारी २०१६ रोजी डीव्हीबी-टी२ या पद्धतीचे जमिनीवरील डिजिटल प्रक्षेपण १६ शहरांत सुरू झाल्याचे जाहीर केले. त्यांत मुंबई होती आणि त्या वेळचे औरंगाबादही होते. त्यासाठी यूएचएफ पट्ट्यातील लहान अँटेना आणि टी२ची पेटी किंवा तशी सोय असलेला संच लागे. मोबाइलला डोंगल लावून चालत्या गाडीतही पाहता येईल, असेही सांगितले गेले. कल्पना चांगली होती. पण पेट्या नाक्यावरच्या दुकानांपर्यंत आल्या नाहीत. मीही त्या काळी लॅमिंग्टन रोडवर सहज चौकशी केली होती. दुकानदाराने माझ्यासमोर सेट टॉप बॉक्सचे आठ प्रकार मांडले, त्यांत हा नव्हता. पेट्या नाहीत म्हणून प्रेक्षक नाहीत आणि प्रेक्षक नाहीत म्हणून पेट्या नाहीत, हे चक्र व्यापाऱ्यास समजावून सांगावयास नको. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये खासगी प्रक्षेपकांनाही या क्षेत्रात येऊ द्यावे आणि देशभरचे संक्रमण टप्प्याटप्प्याने डिसेंबर २०२३ पर्यंत पुरे करावे, अशी शिफारस केली. झाले ते निराळेच. डिजिटल जमिनीवर पसरण्याआधीच ॲनालॉग बंद होत गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले की, सुमारे ७० टक्के ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले आहेत आणि मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. तारीख आपल्या ओळखीचीच आहे. वह्या मिटण्याचा दिवस.

या निर्णयामागील कारणेही आपल्या ओळखीचीच आहेत. प्रक्षेपक जुनाट झालेले, पाहणारे घटलेले, आणि वीज मात्र तेवढीच जळणारी. तेथे अडकलेले मनुष्यबळ अन्यत्र वापरता येईल आणि मोकळा होणारा पट्टा नव्या तंत्रज्ञानास उपयोगी पडेल, असे निवेदनात म्हटले होते. ज्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही तेथे रात्रभर दिवे का जाळावेत? श्रावकाच्या बारा व्रतांतील आठवे, अनर्थदंड विरमण, हेच सांगते : ज्यात कोणाचेच प्रयोजन नाही अशी हिंसा टाळावी. प्रेक्षकाविना जळणारी वीज ही अनर्थाचीच. या बाजूने पाहिले तर निर्णय योग्य होता आणि मी त्यास चूक म्हणत नाही.

परंतु बारावे व्रतही आहे. अतिथिसंविभाग. त्याचा मूळ अर्थ साधुसाध्वींना आपल्या आहारातून भाग देणे हा आहे आणि तो मी ताणतो आहे, हे मला मान्य आहे. पण जो तिथी न सांगता दारी येतो, ज्याच्याकडे मागण्याचा अधिकार नाही आणि देण्यास पैसा नाही, त्याचा भाग आधीच काढून ठेवावयाचा, ही त्यातील भावना व्यवहारातही उतरते. आकाशातून मुक्त येणारी लहर हा असा काढून ठेवलेला भाग होता. तो कोण घेतो, याची नोंद कोणी ठेवत नव्हते. म्हणूनच तो घेणारे किती उरले, हेही कोणास नेमके सांगता येत नव्हते. शेवटचा एक घेणारा आमच्या सहाव्या मजल्यावर होता, हे आम्हांलाच कुठे ठाऊक होते?

अन्य देशांनी हे कसे केले, ते थोडे पाहावे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये व्हाइटहेवन या लहानशा बंदराच्या गावी आरंभ झाला आणि प्रदेशामागून प्रदेश घेत ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडला शेवट झाला. पंचाहत्तरी गाठलेल्यांसाठी आणि अपंगांसाठी स्वतंत्र साहाय्य योजना होती. त्यांना पेटी मिळे, ती घरी येऊन बसवून दिली जाई आणि वापरावयास शिकविली जाई. अमेरिकेत तारीख १७ फेब्रुवारी २००९ ठरली होती. लोकांची तयारी नाही असे दिसताच ती १२ जूनवर नेली. पेटीसाठी चाळीस डॉलरची कुपने, प्रत्येक घरास दोनपर्यंत. जपानने २४ जुलै २०११ला ॲनालॉग थांबविले. मात्र त्याच वर्षीच्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत सवलत दिली. ज्यांची घरेच वाहून गेली त्यांना पेटी घ्या म्हणून कसे सांगावयाचे, हा त्यामागील विचार.

आपल्याकडे निवेदने निघाली, पण अँटेनावर अवलंबून असलेल्या वृद्धांच्या दारी कोणी जाईल अशी योजना नव्हती. पुढे जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारणाच्या विस्तारासाठी २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तीत दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती व नक्षलग्रस्त भागांसाठी आठ लाख डीडी फ्री डिश पेट्यांची तरतूद केली. ते स्तुत्यच आहे. जेसल पार्क त्यांपैकी कशातच मोडत नाही, आणि मोडूही नये.

मग सांगावयाचे कोणी? येथे मला आपल्या बाजारातील एक रीत आठवते. दुकान हलविले की जुन्या शटरवर पाटी लावतात : ‘आमचे दुकान अमुक ठिकाणी हलविले आहे.’ पाटी पावसाने पुसली, तरी चिंता नसते. शेजारचा दुकानदार गिऱ्हाइकाला थांबवून सांगतो, “ते आता पलीकडच्या गल्लीत बसतात, वळणावर डाव्या हाताला.” तो त्याचा प्रतिस्पर्धी असला तरी सांगतो. यात त्याचा काही लाभ नसतो. पण न सांगणे बाजारात कमीपणाचे मानतात.

आमच्या इमारतीत हे शेजाऱ्याचे काम कोणी केले नाही. मी स्वतः ते निवेदन वर्तमानपत्रात वाचले होते. पान उलटले. आमच्या घरात फायबरची जोडणी, तीन पडदे आणि चार वर्गण्या. माझा त्या बातमीशी काय संबंध? तळमजल्यावर एक इलेक्ट्रॉनिक्सचे दुकानदार राहतात, त्यांनाही ठाऊक होते. गच्चीवर रोज पक्ष्यांना दाणे टाकावयास जाणारे किमान सहा जण त्या अँटेनाखालून ये-जा करीत. बांना तीन वेळा मेकॅनिकला पैसे द्यावे लागले, आणि कित्येक महिने त्या बातम्यांविना राहिल्या. तपस्येने नव्हे, गैरसमजाने. पहिल्यातून निर्जरा होते, दुसऱ्यातून काय होते ते पंडितांनी सांगावे.

दुकान हलले आहे कुठे, हे आता सांगतो. आपल्या घरी, गावी, दुकानातील माणसांकडे कोणी असे असेल तर उपयोगी पडेल. दूरदर्शनची मासिक शुल्काविना असलेली सेवा आज मुख्यतः उपग्रहावरून येते. १६ डिसेंबर २००४ रोजी ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आता तिला डीडी फ्री डिश म्हणतात आणि उद्योगाच्या अंदाजानुसार चार कोटींहून अधिक घरांत ती आहे. तबकडी आणि पेटी यांचा खर्च एकदाच, साधारण दोन हजारांच्या आतबाहेर. पेटी नव्या, एमपेग-४ प्रकारची घ्यावी. जुनीत काही वाहिन्या दिसत नाहीत. जुना जाड संच टाकून देण्याचे कारण नाही. पेटीची लाल-पांढरी-पिवळी वायर त्यास लागते. टाकावयाचाच झाला, तर भंगारवाल्यास देऊ नये. त्याच्या काचेत शिसे असते, ते फोडणाऱ्याच्या अंगात जाते. नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.

अडचण जागेची आहे. हा उपग्रह आपल्याकडून आग्नेय दिशेस, बराच उंच दिसतो. ज्यांच्या खिडक्या पश्चिमेकडे किंवा उत्तरेकडे आहेत त्यांना खिडकीत तबकडी लावून उपयोग नाही, गच्चीच हवी. आणि गच्ची म्हटली की समितीची परवानगी आली. अनेक सोसायट्या इमारत विद्रूप दिसते म्हणून, गळती होते म्हणून तबकड्यांना नकार देतात. खजिनदार म्हणून गळतीची भीती मी समजू शकतो. पण टाकीच्या भिंतीला एक मजबूत खांब बसवून त्यावर सामाईक तबकडी लावली आणि वायरी पाइपातून नीट खाली नेल्या, तर थराला छिद्र पाडावे लागत नाही. मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यास भाड्यापोटी गच्ची देताना आपण एवढे कठोर नसतो, हेही नमूद करतो.

दुसरी अडचण पावसाची, आणि ती अधिक गंभीर आहे. उपग्रहाची ही लहर अतिशय लहान, दोन-अडीच सेंटिमीटरची. मुसळधार पावसाचे थेंब तिला शोषून घेतात. वरळीची जुनी लहर कित्येक मीटर लांब होती, तिला पावसाचे काही वाटत नसे. म्हणजे आषाढात जेव्हा रुळांवर पाणी भरते, नायगाव-भाईंदर दरम्यान गाड्या थांबतात आणि घरची माणसे चर्चगेटला अडकतात, नेमके तेव्हाच आकाशातील फुकट चित्र फुटते. २६ जुलै २००५ आठवून पाहा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, वीज गेली आणि मोबाइल लागेनात. अर्थात वीज नसताना दूरदर्शन संचही बंदच होता, अँटेना कितीही चांगला असला तरी; तेव्हा जुन्याचे गुणगान करताना इतके तरी मान्य करावे. त्या रात्री कामास आला तो बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर. जमिनीवरील डिजिटल लहर थेट मोबाइलवर उतरविण्याचे प्रयोग आयआयटी कानपूरच्या सहकार्याने चालले आहेत. त्यात सिम किंवा इंटरनेट लागणार नाही, म्हणतात. ते साधले तर संकटकाळी मोठी सोय होईल. मात्र त्या लहरी पकडणारी चिप मोबाइलमध्ये असावी लागते. पेटी आधी की प्रेक्षक आधी, हा प्रश्न तेथेही उभा राहील.

अक्षय्य तृतीया उलटून गेल्यावरच्या रविवारी बांच्या घरी फ्री डिश बसविली. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या शेजाऱ्यांनी पेटीवर नफा घेतला नाही आणि वायर स्वतः ओढली. सह्याद्री वाहिनी कितव्या क्रमांकावर, तो आकडा बांच्या नातसुनेने व्हिडिओ कॉलवरून पाहून मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावयास लावला. तो कागद रिमोटला चिकटविला आहे. बाकीच्या वाहिन्यांच्या यादीकडे बांनी पाहिले नाही. त्यांचे परिमाण पूर्वीचेच आहे. सात वाजता बातम्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “मुंग्या कुठे गेल्या?” आणि पाऊस जोराचा लागला की चित्र थांबेल, हे सांगितल्यावर म्हणाल्या, “मग तेवढा वेळ नवकारवाली फिरवीन. पण गाड्या बंद पडल्या तर मला खाली येऊन कोणीतरी सांगा हो.” त्यासाठी तिसऱ्या मजल्यावरील दोघा मुलांची नावे समितीच्या वहीत लिहिली आहेत. इमारतीतील एकट्या राहणाऱ्या इतर पाच ज्येष्ठांकडेही, त्यांच्या घरी काय चालते आणि काय बंद पडले आहे, हे ही मुले महिन्यातून एकदा विचारून येतील. पहिल्याच फेरीत एका काकांचा लँडलाइन कित्येक दिवस मुका असल्याचे कळले.

बांचा खांब काढून, गंज घासून, दोन हात रंग देऊन टाकीच्या भिंतीस पुन्हा बसविला आहे; त्यावर तबकडी आहे, तोंड आग्नेयेला. उरलेले तीन अँटेना आणि त्यांचे खांब मिळून ॲल्युमिनियम सव्वापाच किलो व लोखंड एकवीस किलो भरले. रक्कम देखभाल निधीत जमा केली असून पावती फाइलला लावली आहे.